मॅच नाही, रेष बघायची

घरात कपाटाखाली जुनी शटलं साठतात, तसे आमच्याकडे किस्से साठलेत. पिसं गळालेली, खेळायला निरुपयोगी, पण टाकवत मात्र नाहीत. आम्ही म्हणजे ठाणे-डोंबिवलीतले काही बॅडमिंटनचे लाइन जज. कोर्टाच्या कडेला खुर्चीवर बसायचं आणि शटल रेषेच्या आत पडलं की बाहेर, एवढंच सांगायचं. एरवी कुणी शिक्षक, कुणी बँकेत, मी माजिवड्याला एका ऑफिसात अकाउंट्समध्ये. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय स्पर्धा असली की रजा टाकायची, युनिफॉर्मला इस्त्री करायची आणि निघायचं. रविवारी डोंबिवलीच्या कोर्टवर खेळून झालं की इडली खाताना हे किस्से निघतात, आणि दर वेळी थोडे वाढतात.

लोकांना वाटतं आम्ही मज्जा करतो. कोपरला राहणारी माझी मावशी म्हणाली, "अगं, आपली टीम खेळते आणि तू इतक्या जवळून बघतेस, तेही फुकटात!" मग तिने विचारलं, आपली ती नवी मुलगी कशी खेळली? मी आठवून आठवून सांगितलं, "माझ्या रेषेवर तिची दोन शटलं आत पडली, एक बाहेर गेलं."

मावशीने चहा टाकायला आत जाणं पसंत केलं.

* * *

आमचे गुरू मोघेसर. डोंबिवलीच्या एका शाळेत गणित शिकवायचे. बोलणं पुणेरी, चालणं ताठ, आणि खुर्चीवर बसले की देवळातल्या मूर्तीसारखे. लाइन जजच्या खुणा मोजून तीन. शटल आत पडलं तर तोंड बंद आणि उजवा हात रेषेकडे. बाहेर पडलं तर मोठ्याने "आऊट" म्हणून दोन्ही हात आडवे पसरायचे, अंपायरला नीट दिसतील असे. आणि दिसलंच नाही, तर दोन्ही हातांनी डोळे झाकायचे.

तिसरी खूण सर घरीही वापरतात. डब्यातल्या कोथिंबीर वड्या कुणी संपवल्या, असं काकूंनी विचारलं की सरांचे हात डोळ्यांवर.

एकदा त्यांच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडण जुंपलं. एक स्कूटर आखलेल्या रेषेच्या बाहेर आहे की नाही, यावर सगळा मजला खाली उतरलेला. कुणीतरी म्हणालं, सरांना बोलवा, ते इंटरनॅशनल आहेत. सर घरून खुर्ची घेऊन आले. रेषेच्या टोकाला खुर्ची मांडली, बसले, चाकाकडे नीट पाहिलं आणि दोन्ही हात पसरून खणखणीत "आऊट" दिला. समोरचे कुलकर्णी खूश झाले आणि विचारते झाले, पण ही गाडी कुणाची हो?

"माझी," सर म्हणाले, आणि खुर्ची घेऊन वर गेले.

* * *

या कामातला सगळ्यात वाईट नियम म्हणजे चेहरा. आपली टीम जिंको की हरो, टाळी नाही, हसू नाही, सुस्कारासुद्धा नाही. आमचा संदेश नवीन असताना आपल्या डबल्सच्या जोडीने एक असा काही पॉइंट काढला की त्याने खुर्चीतच मूठ आवळली. रेफरीने बोलावून घेतलं. संदेश आम्हाला सांगत होता, "मैं बोला सर, मूठ अपने आप झाली. तर ते म्हणाले, मग उद्या तुम्ही अपने आप घरी जा."

मोघेसरांनी त्याला ट्रेनिंगसाठी घरी बोलावलं. हॉलमध्ये दोन खुर्च्या, दोघांचे हात गुडघ्यांवर, नजर फरशीच्या रेघेवर. काहीही झालं तरी हलायचं नाही. काकू गॅसवर दूध ठेवून शेजारी गेलेल्या. दूध वर आलं, उतू गेलं, ओट्यावरून खाली ठिबकायला लागलं. दोघांनाही दिसत होतं. सर हलले नाहीत म्हणून संदेश हलला नाही, आणि संदेश बघतोय म्हणून सर.

काकू आल्या. एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा या दोघांकडे, आणि फडकं हातात घेऊन विचारलं, "आता हे इन की आऊट?"

* * *

तर सरांची एकच इच्छा होती. आपले खेळाडू एकेकटे जिंकताना त्यांनी खुर्चीवरून पाहिले होते. पण टीमच्या स्पर्धेत, पाच मॅचेसच्या लढतीत, आपला देश जिंकताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. सुरुवातीच्या काळात तर लोक विचारायचे, बॅडमिंटनला टीम असते का? सर म्हणायचे, "तेव्हा फार सोय होती. आपण पहिल्याच फेरीत हरायचो आणि मी जेवायला वेळेवर घरी असायचो."

पुढे टीम चांगली झाली. दुसऱ्या फेरीत गेली, सेमीत गेली, मोठमोठ्या देशांना घाम फोडू लागली. डोंबिवलीच्या कोर्टवर पोरांची वेटिंग लिस्ट लागली. पण सर ज्या कोर्टवर बसत, तिथे आपण हरत असू. आमचे विठ्ठलवाडीचे पेडणेकर बँकेत असूनही या बाबतीत अत्यंत अशास्त्रीय. ते उघडच म्हणायचे, सर बसले की टीम घरी. सर चिडायचे नाहीत. "शटलला माझं नाव माहीत नसतं, पेडणेकर," एवढंच म्हणायचे.

आणि मग वयाची अट आली. ही स्पर्धा सरांची शेवटची.

* * *

त्या स्पर्धेत आपली टीम सेमीत होती आणि सर मागच्या रेषेवर. ऐन मोक्याला समोरच्याचं शटल रेषेला चाटून पडलं. सरांनी शांतपणे हात रेषेकडे केला. इन. पॉइंट समोरच्याचा. अख्खं स्टेडियम सरांवर ओरडलं. स्क्रीनवर रिप्ले दाखवला, शटल आतच होतं. तरी लोक ओरडतच होते. नशिबाने तेवढी एकच मॅच गेली. पुढच्या मॅचेसना सर दुसऱ्या कोर्टवर नेमले गेले, आणि टीम फायनलला पोचली.

पेडणेकर माझ्याकडे बघून नुसते मान हलवत राहिले.

काकूंनी डोंबिवलीहून फोन केला. "अहो, टीव्हीवर मलाही ते आतच दिसलं. पण इतका हात लांब करून कशाला दाखवायचं?"

* * *

फायनलच्या ड्यूटीत सरांचं नाव आलं. पेडणेकरांनी हळूच सुचवून पाहिलं की पोट दुखतंय म्हणा. सर शर्टाची कॉलर नीट करून निघाले. खरं सांगते, मलाही वाटलं, दुखायला हवं होतं पोट.

दोन-दोन अशी बरोबरी. पाचवी मॅच, तिसरा गेम. सर मागच्या रेषेवर, मी बाजूच्या. मॅच पॉइंट आपला. समोरच्याने शटल उंच उडवलं. आपला पोरगा मागे पळाला, रॅकेट उचलली, आणि ऐन वेळी हात आवरून त्याने शटल सोडून दिलं.

आता सगळं सरांवर. मला सोसायटीतली ती स्कूटर आठवली. शटल आत पडलं असतं, तर हा माणूस देशाकडे न बघता रेषेकडे हात करणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

शटल टेकलं.

"आऊट!" सरांचा आवाज वर्गातल्यासारखा घुमला. दोन्ही हात पसरले.

पुढचं मी नियमाप्रमाणे हात गुडघ्यांवर ठेवून पाहिलं. टीम कोर्टवर धावली. पोरगं आडवं पडलं, त्याच्यावर बाकीचे. अंपायरने निकाल सांगितला, हात मिळवले, खुर्चीवरून उतरला आणि निघून गेला. कुणीतरी झेंडा आणला. रेषेवर बसलेले मोघेसर तसेच, चेहरा फरशीसारखा कोरा, आणि दोन्ही हात आडवे पसरलेले.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. सरांनी स्पीकरवर टाकला.

"अहो, सगळे नाचत होते आणि तुम्ही किती वेळ ते हात पसरून बसला होतात!"

"अंपायरला नीट दिसायला हवं ना," सर म्हणाले.