तीन घरांत टाकलेला कागद

चोरी, मारामारी, खून, सगळं नोकरीत पाहिलं, आणि त्यातलं बरंच विसरलोही. हे प्रकरण मात्र विसरता आलं नाही. यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी आमच्या बेटावरच्या फ्लाक जिल्ह्यातल्या एका ठाण्यात सार्जंट होतो. सोमवारी सकाळी हजेरी आटोपून स्टेशन डायरी लिहीत असताना लालमती गावाकडचे एक गृहस्थ आत आले. वांगी-टोमॅटो पिकवणारा कष्टाळू माणूस. देवळात ओळख झालेली. टोपी काढली, पण खुर्चीवर बसले नाहीत.

"भाऊ, तू आपल्यातला, मराठी माणूस, म्हणून तुझ्याकडं आलो," असं म्हणून त्यांनी खिशातून एक कागद काढला.

कागदाच्या दोन्ही कडांना बारीक भोकं होती. त्यावर त्यांच्या मुलीचं नाव, वय, गाव आणि खाली आजार छापलेला होता: मिरगी. कधीपासून, कोणत्या गोळ्या, शेवटचा झटका कधी आला, सगळं. मुलगी चोवीस वर्षांची, संध्याकाळी गावातल्या मुलांना मराठी शिकवायची. रिव्हिएर दू रांपार गावातल्या एका घरात तिचं लग्न ठरलं होतं. हा कागद त्या घराच्या दाराखालून कुणीतरी सरकवला होता. दुसरा मुलाच्या मामाकडे, तिसरा ज्यांनी स्थळ सुचवलं त्यांच्याकडे. रविवारी मुलाकडची माणसं येऊन लग्न मोडून गेली.

"तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं?"

"पोरीला स्वतः सांगायचं होतं. नवऱ्या मुलाला, एकट्याला. दोन वर्षं झाली, झटका नाही. मी माझ्या सख्ख्या भावाला बोललो नाही. दोन बस बदलून लांबच्या दवाखान्यात नेत होतो. आता की पू फेर, तूच सांग."

काय करायचं, ते मला माहीत होतं. निदान तसं वाटलं होतं.

तो दिवस मी गावात चौकशी करत हिंडलो आणि मंगळवारी सकाळी लवकरच दवाखाना गाठला. तो खासगी होता, दुसऱ्या जिल्ह्यात. तिथे नुकताच संगणक आला होता, आणि त्यावर प्लास्टिकचं आवरण घालून त्याला देवासारखं जपत होते. डॉक्टर म्हणाले, "पासवर्ड फक्त आमच्या कारकून बाईंकडे आहे." यंत्रात कोण शिरलं याची नोंद राहते, हे मला तेव्हाच कळलं. त्यांनी ती तसल्याच भोकांच्या कागदावर छापून दिली. त्या मुलीच्या माहितीच्या तीन प्रती काढल्या होत्या, आणि समोर कारकून बाईंचंच नाव होतं.

मी बाईंना ठाण्यात आणलं. सकाळी दहापासून दुपार कलेपर्यंत तेच तेच विचारलं.

"पासवर्ड तुमचाच ना?"

"माझाच."

"मग कागद कुणी काढले?"

"पा म्वा, मिस्ये. मी नाही. माझ्या मुलाची शपथ."

खोटं बोलणारा माणूस प्रश्न संपण्याआधी उत्तर देतो, हा माझा अनुभव. ही बाई प्रत्येक प्रश्न पूर्ण ऐकत होती आणि रडत होती. मला तिथेच कळायला हवं होतं. पण कागदावर तिचं नाव छापलेलं होतं, आणि छापलेल्यावर माझा विश्वास होता.

संध्याकाळी तिचा जबाब फाइलला लावताना ती नोंद पुन्हा वाचली. सकाळी मी नाव पाहिलं होतं, वेळ पाहिलीच नव्हती. शनिवार, दुपारचे दोन चाळीस. दवाखान्यातून आणलेल्या हजेरीपुस्तकाप्रमाणे ती शनिवारी बारालाच घरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन मी संगणकाचा कळफलक उलटा केला. खाली जखमेला लावतात त्या पट्टीचा तुकडा चिकटवलेला, त्यावर शाईने एक नाव. तिच्या मुलाचं. तोच पासवर्ड. ती रजेवर असली की काम अडू नये, म्हणून तिनेच तो सगळ्यांना सांगून ठेवला होता, आणि नोकरी जाईल या भीतीने ते माझ्यापुढे बोलली नव्हती.

शनिवारी दुपारी औषधं देणारी बाई एकटीच होती. तिच्या बहिणीच्या मुलीसाठी रिव्हिएर दू रांपारच्या त्याच नवऱ्या मुलाकडे बोलणी चालली होती आणि ती फिसकटली होती. कबूल करायला तिने फार वेळ घेतला नाही.

"हो, मी काढले. पण त्यात एक अक्षर तरी खोटं आहे का, सार्जंट? दाखवा."

तेव्हाच्या आमच्या कायद्यात या गुन्ह्याला नावच नव्हतं. तिची नोकरी गेली, एवढंच झालं. कारकून बाईंना डॉक्टरांनी काढलं नाही, पण ठाण्यात दिवसभर बसवलेली बाई म्हणून लोक बघू लागले आणि त्यांनी स्वतःच काम सोडलं. मी त्यांची माफी मागायला गेलो नाही. जायला हवं होतं.

तपास लागला म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली. ते सांगायला मी लालमतीला गेलो. मुलगी ओट्यावर भाजी निवडत होती.

"तो कागद आता परत मिळेल का?" तिने विचारलं.

"तो पुरावा आहे. फाइलमध्ये राहील."

ती पुन्हा भाजी निवडू लागली. वडील मला फाटकापर्यंत पोचवायला आले.

"भाऊ, कागद तीन घरांत पडला होता. तू तो घेऊन दुकानात गेलास, बसथांब्यावर गेलास, 'हा कुठं पाहिला का' म्हणून विचारलंस. ज्यांनी पाहिला नव्हता, त्यांनीही पाहिला. आता तिच्या वर्गाला पोरं येत नाहीत."

आयो! ते खरं होतं. ठाण्यातही फाइल माझ्या टेबलावर उघडी असायची. शिपाई चहा पिता पिता चाळायचे. एका बाईने जे द्वेषाने केलं, तेच मी कर्तव्य म्हणून केलं, आणि तिच्याहून जास्त घरांत पोचवलं.

वर्षभरात मुलगी फ्रान्सला गेली, एका वृद्धाश्रमात कामाला. पुन्हा परतली नाही.

आता घरोघरी संगणक आहेत. लोक मला विचारतात तेव्हा मी साधंच सांगतो: पासवर्ड प्रेमाखातरही देऊ नका, तो लिहून चिकटवू नका, पासवर्ड म्हणून मुलांची नावं वापरू नका. दुसऱ्याची माहिती हातात आली, तर ती आपल्या हातातच थांबवा, मग ती खरी का असेना. चोरलेली सायकल मी मालकाला परत दिली आहे. बाहेर गेलेली गोष्ट परत देता आली नाही.

निवृत्तीनंतर एकदा फ्लाकच्या बाजारात ते गृहस्थ भेटले. खूप थकले होते. मी मुलीची चौकशी केली.

"बरी आहे," ते म्हणाले. मग वांगी नीट लावत राहिले. "त्याहून जास्त मी आता कुणाला काही सांगत नाही, भाऊ."

तिचं लग्न झालं का, मुलंबाळं आहेत का, तब्येत कशी आहे, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. फार उशिरा का होईना, तेवढं शिकलो होतो.