पाटोळे सरांची हरकत

दहावीच्या विज्ञानात उत्क्रांतीचा धडा आला की सेलूच्या आमच्या शाळेत मागच्या बाकावरून एक प्रश्न ठरलेला असायचा. पोरं दरवर्षी बदलायची, प्रश्न तोच राहायचा.

"सर, तुमच्या बायबलात तर देवानं मातीचा माणूस केला म्हणं. मग हे माकड कुठून आलं?"

चंद्रभान पाटोळे सर खडू टेबलावर ठेवायचे, हात झटकायचे.

"बजरंग, आज वार कोणता?"

"मंगळवार, सर."

"मंगळवारी माकड. माती रविवारी. चर्चमध्ये ये, तिथं बी मीच वाचतो."

वर्ग हसायचा आणि सर फळ्याकडं वळायचे. निम्मी नोकरी त्यांनी या एका उत्तरावर काढली. चर्चमध्ये पवित्र शास्त्राचं वाचन त्यांच्याकडंच होतं. आवाज भरदार, उच्चार लख्ख. सहा दिवसांत सृष्टी झाली हेही ते वाचायचे आणि कोट्यवधी वर्षं लागली हेही शिकवायचे. दोन्हींच्या मध्ये सोमवारची सकाळ असायची, तेवढी त्यांना पुरायची.

त्यांची मुलगी अर्पिता माझी मैत्रीण. आम्ही बौद्ध, पण मी त्यांच्या स्वयंपाकघरातच वाढले म्हटलं तरी चालेल. पुढचं जे काही आहे ते तिच्याकडून, रेणुकाकाकूंकडून कळलेलं, आणि काही समोर घडलेलं.

सर मूळचे वालूरचे. आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा घरात पवित्र शास्त्र आलं आणि सोयरिकीची अडचणही आली. या भागात ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी. जुन्या भावकीनं दार लावलेलं, जालन्याकडची शहरी मंडळी खेड्यात पोरगी द्यायला तयार नाहीत. मग राहिली मामाची पोरगी. मामाच्या पोरीवर आपल्याकडं सगळ्यांचाच हक्क असतो, पण यांच्यात त्या हक्काला दुसरी वाटच नव्हती. सरांच्या आईवडलांचं तसंच झालेलं, रेणुकाकाकूंच्या आईवडलांचंही तसंच. सरांनी मामाची रेणुका केली. त्याच साली ते वर्गात वाटाण्याच्या शेंगा काढून आईबापाचे गुण लेकरात कसे उतरतात ते शिकवत होते. शेंगा फळ्यावर होत्या. घर फळ्यावर नव्हतं.

पहिला मुलगा झाला. नाव ठेवलं शांतवन. वर्षाच्या आत पोर पांढरं पडलं, पोट फुगलं. परभणीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं,

"तुम्ही दोघं नात्यातले?"

"मामाची मुलगी आहे."

"काय करता आपण?"

"शिक्षक. विज्ञान शिकवतो."

डॉक्टर पुढं एक शब्द बोलले नाहीत. काकू सांगायच्या, "गाडीत बसल्यावर हे मनले, त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

थॅलेसेमिया. आईबापाकडं दोष एकेरी असला तर ते धडधाकट राहतात, कळतसुद्धा नाही. लेकराकडं दोन्हीकडून आला की त्याचं रक्त टिकत नाही, बाहेरचं भरत राहावं लागतं. सेलूहून परभणीला रेल्वे, तिथं बाटली, संध्याकाळी परत. शांतवन खिडकीशी बसून बाहेरच्या पक्ष्यांची नावं विचारायचा. सहावीत असताना गेला. मातीला सरांनीच वचन वाचलं, आवाज कुठंही हलला नाही.

हलला तो पुढं काही महिन्यांनी. चर्चमध्ये बायबलातल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचताना, देवानं केलेलं सगळं पाहिलं आणि ते फार चांगलं होतं, या ओळीवर सर आले आणि थांबले. मंडळी वाट बघत राहिली. मग त्यांनी ती ओळ वाचली, पण 'चांगलं' हा शब्द न घेता. तेव्हापासून तो अध्याय आला की ते घसा बसल्याचं सांगायचे.

एका दुपारी काकू मेथी निवडत बसल्या होत्या. सर समोर येऊन बसले.

"एक वाचलं, रेणुका. हा दोष माणसात टिकून कामून राहिला ते."

"कामून?"

"जिथं हिवताप लय होता, तिथं ज्याच्या रक्तात हा दोष एकेरी होता, तो तापानं सहसा मरत नव्हता. म्हणून तशी माणसं वाचली, त्यांना लेकरं झाली. एकेरीत जीव वाचवतो. दुहेरीत घेतो."

काकूंनी जुडी खाली ठेवली. "मंजे आपले आजे-पणजे तापातून वाचले, आणि त्याचं बिल माझ्या लेकरानं भरलं?"

"तसंच."

"आणि हे देवानं ठरवलं?"

"ते त्या पुस्तकात न्हाई."

"तुमच्या दुसऱ्या पुस्तकात?"

सरांनी ती जुडी उचलली आणि निवडायला लागले. एकानं मरावं म्हणजे बाकीचे वाचतील, हे त्यांच्या धर्मातलं सगळ्यात पवित्र वाक्य. पण तो एक आपण होऊन मरायला गेला होता. शांतवनला कोणी विचारलं नव्हतं. सर देवाला सोडून गेले नाहीत. रोज पहाटे गुडघे टेकायचेच. फक्त मंगळवार आणि रविवार आता एकाच अंगावर बसले होते, आणि ते वजन त्यांना पेलत नव्हतं.

अर्पिता वाचली. तिच्यात दोष एकेरी आहे, हे तपासून माहीत होतं. आणि दोन वर्षांपूर्वी अर्पितानं सांगितलं की लग्न करीन तर शामूशी. शामू म्हणजे शमुवेल, सरांच्या सख्ख्या बहिणीचा, मार्थाबाईंचा मुलगा, कापसाच्या जिनिंगवर सुपरवायझर. गोरा, हसरा, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा.

सरांनी एकच अट घातली. शामूनं रक्त तपासायचं. त्याच्यात दोष नसेल तर नाचत लग्न लावीन. अर्पितालाही तेच हवं होतं. तिनं शामूला तीनतीनदा सांगितलं. तो म्हणायचा, आईला विचारतो.

शेवटी सर स्वतः गेले. मी आणि अर्पिता सोबत होतो. मार्थाबाई शिलाईच्या मशीनवर ब्लाउज शिवत होत्या, पाय थांबवला नाही.

"कशाची तपासणी, दादा? माझ्या लेकराला कधी साधं पडसं न्हाई."

"मला तरी कुठं होतं? तसंच असतं ते."

"मंजे माझ्या रक्तात खोट हाय मन की सरळ."

"असंल किंवा नसंल. म्हणून तर बघायचं."

"आपल्यात सगळ्यांनी मामाचीच केली. सगळ्यांची मेली का?"

अर्पिता म्हणाली, "आत्या, एका सुईचं काम आहे."

"सून होऊन यायच्या आधीच सुई टोचायलीस, बाई. आल्यावर काय करशील?" मार्थाबाई हसल्या, मग मशीन थांबवून म्हणाल्या, "आमी पाळकसाहेबांकडून प्रार्थना करून घेतली. माझा इश्वास हाय. तुझा माकडावर असंल."

पाळक योनाथान तरुण होते, नुकतेच आलेले. माणूस वाईट नव्हता. कोणाच्या घरी आजारी असलं की रात्र काढायचे. त्यांनी रविवारी संध्याकाळी उत्पत्तीवर वर्ग सुरू केला होता. सहा दिवस म्हणजे सहाच दिवस, आदाम मातीचा, उत्क्रांती हा शाळेतला अविश्वास. सर त्या वर्गाला जायचे आणि मागं बसायचे. एकदा त्यांनी विचारलं,

"पाळकसाहेब, आदामाच्या लेकाला, काइनाला, बायको कुठून मिळाली?"

"त्याची बहीणच, सर. दुसरं कोण होतं? तेव्हा रक्त शुद्ध होतं. दोष पुढं पापानं आला."

"आणि आता?"

"आता ख्रिस्तानं धुतलं."

"शांतवनचा बाप्तिस्मा झालेला होता," सर म्हणाले.

वर्गात कोणी मान वर केली नाही. वर्ग सुटल्यावर पाळकांनी सरांना फाटकाशी गाठलं.

"सर, मला तुमचं विज्ञान येत नाही. पण या माणसांकडं दुसरं काही नाही हो. एक पुस्तक आहे. त्याला छिद्र पाडू नका."

"मी त्याच पुस्तकावर उभा आहे, पाळकसाहेब. तुम्ही फक्त मंडळीसमोर या दोघांच्या नावांची पुकार थांबवा. तपासणी होईपर्यंत."

"मुलाच्या आईनं अर्ज दिलाय, तुमच्या मुलीनं सही केलीय. मी कशाच्या आधारावर थांबवू? हरकत असेल तर नियमाप्रमाणं मंडळीत घ्या."

अर्पितानं सही केली होती हे खरं. शामूनं तिला सांगितलं होतं, तू सही कर, लग्नाआधी मी गुपचूप तपासून घेतो. मग पहिली पुकार झाली. दुसरी झाली. शामूला जिनिंगमधून सुट्टी मिळेना. तारीख ठरली, पत्रिका छापायला गेल्या. अर्पिता मला म्हणाली, "आता त्याला परत विचारायची भीती वाटायलीय. विचारलं तर नाही म्हणेल, आणि तरी मी करीन."

हे तिनं घरात काकूंनाही सांगितलं असावं.

यांच्यात लग्नाआधी तीन रविवार पुकार होते. पाळक दोघांची नावं वाचून विचारतात, कोणाची हरकत आहे का. हा प्रश्न विचारण्यापुरताच असतो. उत्तर देऊन कोणी कधी उठलेलं नाही. लोक त्या वेळेत गाण्याचं पान शोधतात.

तिसऱ्या रविवारी मी अर्पिताच्या शेजारी बसले होते. पाळकांनी नावं वाचली. पानं उलटल्याचा आवाज झाला. पुरुषांच्या बाजूला बाक करकरला.

"माझी हरकत आहे," सर म्हणाले.

आवाज तोच, वाचनाचा, शेवटच्या भिंतीपर्यंत जाणारा. अर्पिताची बोटं माझ्या मनगटात रुतली.

पाळक म्हणाले, "सर, हरकतीला कारण लागतं. वय, आधीचं लग्न..."

"रक्त. माझ्या मुलीच्या रक्तात तो दोष आहे, ज्यानं माझा मुलगा गेला. मुलाचं रक्त तपासलेलं नाही. तेवढं होईपर्यंत हरकत."

मार्थाबाई उठल्या. "भर मंडळीत? माझ्या लेकराच्या रक्ताला नाव ठेवायलास, दादा?"

"माझंच रक्त हाय ते, मार्था. मी माझ्याच रक्ताला नाव ठेवायलोय."

"देवाच्या कामाला नाव ठेवायलास."

"एक लेकरू पुरून झाल्यावर ठेवायलोय," सर म्हणाले, आणि खाली बसले.

शामू मान खाली घालून बसला होता. बायकांच्या बाजूला सगळ्या अर्पिताकडं बघत होत्या. बाकावरची नेहमीची शेजारीण पंचफुलाबाई पदर सावरण्याच्या निमित्तानं जराशी पलीकडं सरकली. तेव्हा मला कळलं की सरांनी काय सांगून टाकलंय. शामूच्या रक्ताचं काही माहीत नव्हतं. अर्पिताच्या रक्ताचं सगळ्यांना माहीत झालं होतं.

पाळकांनी पुकार थांबवली. शामू दुसऱ्याच दिवशी परभणीला गेला. सुट्टी मिळाली म्हणे. आठवड्यानं मार्थाबाई सरांच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"साफ हाय माझं लेकरू. काहीच न्हाई त्याच्यात."

सरांनी डोळे मिटले. "देवाची स्तुती. मग आता..."

"आता काय न्हाई. सोयरीक संपली. तू त्याला सगळ्यांच्या समोर नासका मनलास. तुझ्या पोरीला दुसरा बघ. आणि तपासून घे त्याला."

शामू आला नाही. फोनही आला नाही. अर्पितानं दोन दिवस वाट बघितली, मग केस धुतले, कामाला लागली.

त्या संध्याकाळी काकू सरांना म्हणाल्या, "तुमी उठला नसता तर मी उठणार होते."

"मग कामून उठली न्हाईस?"

"तुमचा आवाज मोठा हाय."

अर्पिता दारात उभी होती. "पप्पा, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण मला आधी विचारायचं होतं. माझं होतं ते सांगायचं."

शांतवनलाही विचारलं नव्हतं, हे सरांच्या तोंडावर दिसलं. मला तरी दिसलं.

वाचन आता दुसरा कोणी करतो. सर अजून चर्चला जातात, मागं बसतात.

मागच्या महिन्यात जालन्याहून एका घराचा फोन आला, स्थळासाठी. मी तिथंच होते. अर्पितानंच उचलला. पलीकडून बाई गोड बोलत होत्या. शिक्षण, उंची, नोकरी. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, काही रक्ताचं आहे म्हणून कानावर आलं, ते काय?

सर खुर्चीतून अर्धे उठले. अर्पितानं हात दाखवून त्यांना बसवलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "मला काही होत नाही त्यानं. पण मुलाचं रक्त तपासा, आणि मग फोन करा. तपासल्याशिवाय करू नका."

पलीकडं बाई "हो हो, विचारून सांगते" म्हणाल्या. फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" काकूंनी आतून विचारलं.

"विचारून सांगतात."

तो फोन परत आलेला नाही. अर्पिता मोबाइल उशाला घेत नाही, टेबलावर ठेवते. तो वाजला की सर आपल्या जागेवरून हलत नाहीत. ती येईपर्यंत वाजू देतात.