बॅप्टिस्टचा लाल ठिपका

२००४ साली, दिवाळी संपल्यावरच्या सोमवारी आमच्या सोसायटीच्या फलकावर एक नोटीस लागली. "बॅप्टिस्ट नावाच्या मेकॅनिककडून कोणीही स्पीकरचे काम करून घेऊ नये. त्याच्या निष्काळजी कामामुळे रहिवाशांना त्रास झाला आहे. वॉचमनने त्याला गेटवरच थांबवावे." खाली सेक्रेटरींची सही, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, "संदर्भ : सौ. सरोजिनी, दुसरा मजला, यांचा तक्रार अर्ज."

सौ. सरोजिनी म्हणजे मी. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, अर्ज कसा लिहावा ते शेकडो मुलांकडून घोटून घेतलं, आणि माझ्याच अर्जाचं या लोकांनी हे केलं. माझ्या अर्जात बॅप्टिस्टचं नाव औषधालाही नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या हर्षवर्धनच्या घरातून शनिवारी संध्याकाळी जो धडधडाट झाला, त्याबद्दल मी लिहिलं होतं. पण हर्षवर्धन कमिटीपुढे जाऊन म्हणाला, "माझा काय दोष? त्या होळी बाजारातल्या मेकॅनिकने सेटिंग चुकीचं केलंय." झालं. कमिटीला तेवढंच हवं होतं. फ्लॅटवाल्याला कोण बोलणार? लुनावरून येणारा माणूस सापडला की सगळ्यांचं काम सोपं होतं.

बॅप्टिस्टला मी १९९३ पासून ओळखत होते. आम्ही दादर सोडून वसईला आलो त्या वर्षी माझा टेपरेकॉर्डर बिघडला, आणि होळीला, म्हणजे वसईच्या जुन्या बाजारात, भाजी घ्यायला गेले असताना कुणीतरी त्याची पत्र्याची शेड दाखवली. विहिरीच्या बाजूला, केळीच्या बागेच्या कडेला. आत उघडे रेडिओ, लाकडाच्या फळ्या आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात हत्यारं. त्याने टेप दुरुस्त केला आणि देताना विचारलं, "टीचर, तुम्ही गाणं डाव्या कानाने ऐकता का? डावा स्पीकर जास्त झिजलाय, म्हणजे बटण तिकडे फिरवलेलं असणार." मी खरंच उजव्या कानाने कमी ऐकते. हे माझ्या नवऱ्याला, सदानंदला, पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं.

त्याचे वडील निकोलस गावच्या ब्रास बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. लग्नाच्या वरातीत ते सगळ्यांच्या मागे चालायचे. ते मुलाला सांगत, "ढोल लोकांच्या पायाला कळला पाहिजे, कानाला नाही. लोक मागे वळून ढोलवाल्याकडे बघायला लागले, तर समज तू जोरात वाजवतोयस." बॅप्टिस्टने ढोल हातात धरला नाही, पण ही गोष्ट धरून ठेवली. घरी तो आपल्या गावच्या बोलीत बोले, माझ्याशी साध्या मराठीत, आणि स्पीकरशी बोलावं लागलं तर गप्प बसून. दर रविवारी चर्चमधली मिस्सा-प्रार्थना झाली की, त्याच इस्त्रीच्या शर्टात, तो कामाला बाहेर पडे.

२००४च्या गणपतीनंतर हर्षवर्धनने मुंबईहून दोन टॉवर स्पीकर आणले, चांगले चार फूट उंच. सोबत सबवूफर, म्हणजे फक्त खालचे, जाड सूर काढणारी चौकोनी पेटी. दुकानदाराने सांगितलं, कोपऱ्यात ठेवा. सुताराने शोकेसमध्ये तिच्यासाठी खास खण केला होता. पहिल्याच दिवशी त्याच्या आईने, धोंडूबाईंनी, भजन लावलं तर डग्गा पाण्याच्या टाकीवर थापा मारल्यासारखा वाजला. धोंडूबाई कानावर पदर घेऊन आत निघून गेल्या. मग मीच बॅप्टिस्टचं नाव सुचवलं. हो, मीच.

त्याने तीन रविवार घेतले. पहिल्या रविवारी धोंडूबाईंच्या वेताच्या खुर्चीवर त्याने ती जड पेटी उचलून ठेवली, एक कॅसेट लावली, आणि स्वतः गुडघ्यांवर बसून खोलीभर रांगायला लागला. मिस्साच्या शर्टात! भिंतीच्या कडेने, सोफ्यामागे, कान जमिनीपासून हातभर वर. दारात जमलेले शेजारी हसले. एक जण म्हणाला, "काय हरवलंय का रे?" बॅप्टिस्ट म्हणाला, "जिथे बसून ऐकायचं तिथे पेटी ठेवायची, आणि जिथून ती सारखी, गोल ऐकू येते ती जागा शोधायची. मग पेटी तिथे न्यायची." जागा सापडली ती सोफा आणि गॅलरीच्या दाराच्या मधली, भिंतीपासून वीतभर दूर. सुताराचा खण रिकामा राहिला, आणि हर्षवर्धनचं तोंड उतरलं.

दुसऱ्या रविवारी त्याने टॉवर आणि पेटी यांच्यात काम वाटून दिलं. कुठल्या सुरापर्यंत पेटीने बोलायचं आणि कुठून पुढे टॉवरने, हे एका बटणावर ठरतं. दोघांनी एकच सूर एकदम उचलला की तो फुगतो, आणि दोघांनीही सोडला की मध्ये खड्डा पडतो. तिसऱ्या रविवारी दोघं हवा एकाच दिशेला ढकलतात की एकमेकांविरुद्ध, ते तपासलं, आणि शेवटी आवाजाचं माप. प्रत्येक बटणाशी, आणि पेटीच्या मागे फरशीवर, त्याने बायकोच्या, रिटाच्या, नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. "इथून हलवू नका," एवढंच म्हणाला.

त्या दुपारी धोंडूबाईंनी भजन लावलं ते मी खाली माझ्या घरात बसून ऐकलं. ऐकलं कसलं, काही ऐकूच आलं नाही. वर गेले तर म्हातारी खुर्चीवर डोळे मिटून बसलेली. डग्गा कुठून वाजतोय ते कळत नव्हतं, गाणाऱ्या माणसाच्या मांडीशीच वाजतोय असं वाटत होतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

पण अॅम्प्लिफायरच्या पडद्यावर एक गोष्ट बॅप्टिस्टने केली होती, आणि तिनेच घात केला. टॉवरपुढे त्याने 'स्मॉल' निवडलं होतं. त्याचा अर्थ इतकाच, की खालचं ओझं यांच्यावर टाकू नका, ते पेटी उचलेल. पण दिवाळीनंतरच्या शनिवारी हर्षवर्धनचे ऑफिसचे मित्र सिनेमा बघायला आले, आणि कुणीतरी पडद्यावर वाचलं. "अरे, एवढे चार फुटी टॉवर, आणि स्मॉल?" बिचाऱ्याचा अपमान झाला! त्याने लगेच 'लार्ज' केलं. मग एकाने पेटीवर पाण्याचा स्टीलचा ग्लास ठेवला. पाणी हललं नाही, म्हणजे पेटी निकामी, असा त्या शहाण्यांचा हिशेब. बटण शेवटपर्यंत फिरवलं, पेटी उचलून सुताराच्या खणात कोंबली. पाणी सांडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली माझ्या फळीवरून सदानंदचा चष्मा पडून फुटला. त्याच रागात मी अर्ज लिहिला.

फलकावरची ती नोटीस मी आठ दिवसांनी वाचली, आणि तशीच होळीला गेले. बॅप्टिस्टला गेटवरून परत पाठवलं होतं. आगाशीच्या एका घराने निरोप धाडला होता, तूर्तास येऊ नको म्हणून. आमच्याच सोसायटीतली तीन घरं थांबली होती. मिस्सानंतर दोघातिघांनी त्याला विचारलं, काय रे, काय तोडलंस? माझी चूक झाली, असं मी त्याला सांगणार, तोच तो म्हणाला, "टीचर, तुम्ही अर्ज दिला असेल तर काहीतरी चुकलंच असेल माझं. मी रोज तेच आठवतोय. कुठलं बटण राहिलं, तेच कळत नाही."

आठ दिवस तो माणूस स्वतःत चूक शोधत होता! मला संताप आला. त्याच्यावर नाही. त्या ग्लासवाल्यांवर, सेक्रेटरीवर, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या सुवाच्य अर्जावर.

पुढच्या रविवारी अकरा वाजता मी त्याला हाताला धरून गेटमधून आत आणलं. वॉचमन मध्ये आला, त्याला म्हटलं, "मला अडव आधी." सदानंद म्हणाला, "अगं, जाऊ दे ना." मी म्हटलं, चष्मा तुझा फुटलाय, तूही चल. सेक्रेटरीला घरातून उठवलं. हर्षवर्धनच्या दिवाणखान्यात सगळे उभे राहिलो. मी बटणं दाखवली. ठिपका इकडे, बटण तिकडे. फरशीवरचा ठिपका उघडा, पेटी खणात. "हे कोणी हलवलं?" हर्षवर्धन मोबाइलकडे बघत राहिला.

बॅप्टिस्ट पुढे झाला. पेटी ठिपक्यावर ठेवली, बटणं ठिपक्यांना लावली, 'लार्ज'चं पुन्हा 'स्मॉल' केलं, आणि धोंडूबाईंचं भजन लावलं. सेक्रेटरी दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "हां, सबवूफर बंद केलात ना, आता बरं वाटतंय." बॅप्टिस्टने त्यांचा हात धरला आणि तळवा पेटीवर ठेवला. पेटी धडधडत होती. सेक्रेटरींनी हात झटकन काढून घेतला. मग बॅप्टिस्टने पेटीची वायर उपटली. भजन चालूच होतं, पण गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन गेली. धोंडूबाई आतून ओरडल्या, "काय काढलं रे? लाव परत!"

दुसऱ्या दिवशी नोटीस गेली. गुपचूप. तिच्या जागी काही नाही. मी सेक्रेटरींना म्हटलं, नाव घेऊन बदनामी केलीत, आता नाव घेऊनच चूक लिहा. ते म्हणाले, "काकू, नोटीस काढली ना? मग झालं तर. असलं लिहायची आपल्याकडे पद्धत नाही." बदनाम करायची पद्धत आहे, निस्तरायची नाही!

मी स्वतः कागद लिहिला. "बॅप्टिस्ट यांचे काम उत्तम होते. सेटिंग नंतर घरच्यांनी हलवले. माझ्या अर्जाचा गैरवापर झाला." संध्याकाळी तो फाडलेला होता. मी दुसरा लावला. तो फाडला. तिसरा फाडला. चौथा लावताना मागे काठीचा आवाज झाला. धोंडूबाई. तीन मजले उतरून आल्या होत्या. त्या कधी फलकापाशी यायच्या नाहीत. "वाच," म्हणाल्या. मी वाचलं. त्या म्हणाल्या, "घरच्यांनी काय? माझ्या पोरानं लिही. नाव घाल."

"धोंडूबाई, मुलगा आहे तुमचा."

"म्हणून तर. पेन दे."

मी 'घरच्यांनी' खोडून 'हर्षवर्धनने' लिहिलं. आणि त्याखाली, चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईने, एकेक अक्षर दाबून काढलं, "मी खुर्चीत बसून ऐकले आहे. धोंडूबाई." सही करायला तिला पाच मिनिटं लागली. तो कागद कोणी फाडला नाही. कोण फाडणार?

रविवारी मिस्सानंतर बॅप्टिस्ट आला. वॉचमनने सरळ आत सोडला. तो फलकासमोर उभा राहिला, धोंडूबाईंची ओळ बोट ठेवून वाचली. मग मला म्हणाला, "टीचर, माझं नाव फार मोठं लिहिलंय हो. लोक वळून बघतात. थोडं कमी करा ना."

मी म्हटलं, "नाही. हे मी कमी करणार नाही."