मागच्या इमारती काढा

मणियारसर फोटो काढण्याआधी विचारत. माणसाला तर विचारतच, पण गव्याला, गिधाडाला आणि एकदा माझ्यासमोर सिंहगडालाही त्यांनी विचारलं होतं, "काढू का?" तेही मराठीत. मंगोलियातल्या तंबूत म्हातारीला मराठीत, केनियात हत्तिणीलाही मराठीत. मी एकदा हसले, तर म्हणाले, "बाई, भाषा नाही कळत. विचारलेलं कळतं."

याकूब मणियार हे त्यांचं नाव. गेल्या वर्षी ते गेले. चाळीस वर्षं ते कॅमेरा घेऊन जगभर हिंडले. जनावरं, डोंगर, बाजार, लोकांची लग्नं, सगळं त्यांनी टिपलं. मी कोथरूडच्या एका शाळेत मराठी शिकवायचे आणि त्यांच्या फोटोंखालच्या ओळी लिहून द्यायचे. म्हणजे मी चार ओळी लिहायच्या आणि त्यांनी साडेतीन खोडायच्या. 'निसर्गाचा अद्भुत आविष्कार' असं मी एकदा लिहिलं, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं की हे गृहस्थ कोण आणि फोटोत नक्की कुठे उभे आहेत.

विचारण्याची सवय रविवार पेठेतल्या दुकानातली. वडील बायकांना बांगड्या भरत. हात मागायचा असतो, ओढायचा नसतो, हे सरांनी तिथे पाहिलं होतं. केनियात ती हत्तीण कान पसरून पुढे आली, पिल्लू तिच्या पायांत. आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांतून फोटो निघाले. सरांनी कॅमेरा पिशवीत ठेवला. ज्या मासिकाने पाठवलं होतं त्याला त्यांनी एवढंच कळवलं की हत्तीण नाही म्हणाली. मासिकाने पुन्हा काम दिलं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं, पण आपलं चुकलं असं कधी वाटलं नाही.

मग त्यांची नजर जायला लागली. वर्षभरात दिसेनासं होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. सरांनी एकच इच्छा धरली: आपलं सगळं काम एका छताखाली लागलेलं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. एका संस्थेने दालन द्यायचं कबूल केलं. आम्ही दोघांनी मिळून तीनशे फोटो निवडले. निमंत्रणपत्रिकेवर पुण्याजवळच्या मांजरी गावातला बिबट्या येणार होता. पहाटे उसाच्या बांधावर तो आरामात बसलाय आणि त्याच्या कानांमागून बावीस मजली इमारती वर गेल्यात. त्या बांधणारे गृहस्थच प्रदर्शनाचे आश्रयदाते निघाले. आयोजकांचा निरोप आला: 'फोटो अप्रतिम. फक्त मागच्या इमारती काढा.'

सर दुसऱ्या दिवशी बसने मांजरीला गेले आणि इमारती काढल्या. समोरून, बाजूने, बिल्डरच्या पाटीसकट, गॅलरीत वाळणाऱ्या चादरींसकट. असे सतरा फोटो त्यांनी पाठवले आणि खाली लिहिलं, 'सूचनेप्रमाणे मागच्या इमारती काढल्या आहेत. पुढच्याही काढू का?'

दोन दिवसांनी आयोजकांचा फोन आला. मी तिथेच बसले होते. त्यांनी फार गोड आवाजात समजावलं की काढा म्हणजे पुसा, संगणकावर दोन मिनिटांचं काम आहे, हल्ली सगळेच करतात. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, मग बिबट्या पुसा," ते म्हणाले. "ते काम तुमच्या लोकांनी सुरू केलेलंच आहे."

आठवड्याच्या आत दालन गेलं. मी सरांशी कडाकडा भांडले. तो एक फोटो बाजूला ठेवला असता तर काय बिघडलं असतं, डोळे काय तुमच्यासाठी थांबणार आहेत का, असं बरंच बोलले. ते म्हणाले, "बाई, तो त्या इमारतींसकट बसला होता. मी विचारलं, तेव्हा सगळ्यासकट हो म्हणाला. आता मी एकट्यानं कसं बदलू?" मी चहा ठेवायला उठले.

ज्यांच्या उसात तो बिबट्या होता त्या बबनरावांच्या कानावर हे गेलं. ते सरळ सरांच्या घरी आले. "आमच्या गोठ्यात लावा की सर. जनावर आमच्या उसातलं हाय. त्याला आन् कुणाची परवानगी लागती?"

गोठ्याला चुना लावला. भिंतींवर मोठे फोटो मावले अकरा. एका टोकाला गाय तशीच बांधलेली, कारण तिला दुसरीकडे जागा नव्हती. रविवारी अख्खी मांजरी लोटली. त्या इमारतींतले लोकही घरच्या चपलांत उतरून आले. एका बाईंना फोटोत स्वतःची गॅलरी सापडली. त्या आधी हसल्या, मग त्यांचं लक्ष खाली बसलेल्या बिबट्याकडे गेलं आणि त्या बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

सर माझ्या खांद्यावर हात ठेवून फिरत होते. प्रत्येक फोटोला नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन, इंचाइंचाने बघत होते. अकरावा झाला आणि भिंत संपली. मला रडू आवरेना. उरलेले सगळे फोटो माझ्या घरी खोक्यांत पडून होते आणि ते सरांना आता कधीच भिंतीवर दिसणार नव्हते. तसं मी बोलूनही गेले.

त्यांनी फोटोवरून नजर काढली नाही.

"बाई, तीनशे लावले असते आणि त्यात एक पुसलेला असता, तर मला तेवढा एकच दिसला असता."