ठप्पेमास्तर आणि कोपरा फाटलेलं कार्ड

ठप्पेमास्तरांचा ठप्पा आधी ऐकू यायचा, माणूस मागाहून दिसायचा. अकोला-अकोट रस्त्यावरच्या त्या गावात त्यांच्या घराच्या ओसरीतच पोस्ट होतं. सकाळी ते टपालावर शिक्का मारायला बसले, की शेजारच्या माझ्या खोलीत मांडणीवरच्या कपबश्या किणकिणायच्या. मी अमरावतीहून मुलींच्या शाळेवर नवीनच बाई म्हणून आले होते. पहिल्या दिवशी दचकून विचारायला गेले, तर म्हणाले, "बाई, ठप्पा हलका मारला तं कार्डाले वाटते, आपल्याले कोणी विचारत नाई." त्यांचं खरं नाव गावात दोघातिघांनाच ठाऊक असेल.

पोस्टमास्तर तेच आणि पोस्टमनही तेच. 'गंगीच्या मामाला, विहिरीजवळ' एवढ्याच पत्त्याचं कार्ड यायचं. गावात विहिरी चार आणि गंगी तीन, तरी कार्ड बरोबर त्या मामाच्या हातात पडायचं. पत्ता कागदावर नसते, गावात असते, असं ते म्हणायचे. वाचता न येणाऱ्याला ते वाचून दाखवायचे, आणि उत्तरही तिथेच ओट्यावर बसून लिहून द्यायचे.

मयतीचं कार्ड कोपरा फाडून पाठवायची रीत तेव्हा घरोघरी होती. असं कार्ड आलं की मास्तर ते सदऱ्याच्या खिशात दडवायचे. त्या घरी जाऊन आधी जेवणं झाली का ते बघायचे, मग शेजारणीला बोलावून घ्यायचे आणि मगच कार्ड काढायचे. उपाशीपोटी माणसाला रडायला लावू नये, हा त्यांचा कायदा. त्यामुळे झालं असं, की मास्तरांनी कुणाला सहज जरी 'जेवले काय?' म्हटलं, तरी समोरचा आधी त्यांच्या खिशाकडे बघायचा. मलाही एकदा विचारलं. मी रडायला सुरुवातच केली, तर मास्तर त्यांच्या घरच्या बाईसाहेबांनी केलेली अंबाडीची भाजी द्यायला आले होते.

मग एका खाजगी मालकाची मोटार सुरू झाली. सकाळी अकोल्याला जायची, संध्याकाळी परत. टपालाला तीन दिवस लागत, ड्रायव्हरच्या हाती दिलेली चिठ्ठी त्याच दिवशी पोचे. लोक सवयीनं कार्ड मास्तरांकडूनच घेत आणि नेऊन ड्रायव्हरला देत. "तिकीट पोस्टाचं अन् सवारी मोटारीची!" मास्तर कुरकुरायचे. टपालाची थैली दिवसेंदिवस वाळत चालली. शेवटी वरचे साहेब आले आणि सांगून गेले, की महिनाभर टपाल मोजायचं. कमी भरलं तर इथलं पोस्ट बंद, कार्डासाठी दोन कोस चालत पुढच्या गावाला जायचं. त्या दिवशी मास्तर ताटावरून तसेच उठले, असं बाईसाहेबांनी मला डोळे पुसत सांगितलं.

मी फार शहाणी! स्वतःच्याच नावानं सहा कार्डं लिहून पेटीत टाकली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सहाही ठप्पे मारून गंभीर चेहऱ्यानं आणून दिली. मग हळूच म्हणाले, "अक्षर वळणदार हाये, बाई. पण खोटं टपाल मोजून पोस्ट टिकलं, तं मले ठप्पा माराची लाज वाटन." ती सहा त्यांनी मोजणीत धरली नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या गल्लीत एकच आकांत उठला. सर्जाबाईची लेक अकोल्याला सासरी बाळंत व्हायची होती. तिकडून आलेलं कार्ड ड्रायव्हरनं स्टँडवरच्या पानठेल्यावर ठेवलं, तिथून ते फिरत फिरत सर्जाबाईच्या हातात आलं, आणि त्याचा कोपरा फाटलेला! तिला वाचता येत नव्हतं, पण कोपरा कळत होता. तिनं हंबरडा फोडला, बाया जमल्या, त्याही रडू लागल्या. मी शाळेतून धावत गेले. लिहितावाचता येणारी बाई मी, पण तो कोपरा बघितला आणि कार्ड उलटायचा धीर होईना. मीही त्यांच्यात बसून रडू लागले.

तेवढ्यात मास्तर आले. त्यांनी कार्ड घेतलं, मनाशी वाचलं, पुन्हा वाचलं.

"सर्जाबाई, ऊठ. नात झाली तुले. बाळंतीण खुशाल हाये अन् डिंकाचे लाडू मागून राहिली."

ड्रायव्हरनं तंबाखूचा चुना ठेवायला तो कोपरा फाडला होता. सर्जाबाईनं त्याला भर स्टँडवर असं काही झाडलं, की तो आठ दिवस मान वर करून बघत नव्हता. आणि दुसऱ्या सकाळपासून लोक आपापली कार्डं मुकाट पेटीत टाकू लागले. माझ्या कपबश्या पुन्हा दणकून वाजायला लागल्या, आणि महिन्याची मोजणी पुरी भरली.

मास्तरांनी मात्र मोटारीला नावं ठेवली नाहीत. "भांडून काय करता? थैलीच तिच्यावर चढवू," म्हणाले आणि साहेबांना तसा अर्ज धाडला. तो मंजूर झाला. तेव्हापासून टपाल त्याच दिवशी अकोल्याला पोचू लागलं, आणि पोस्ट गावातच राहिलं.

पुढे लग्न होऊन मी अमरावतीला आले. दर दिवाळीला मास्तरांचं कार्ड यायचं, शाई पलीकडे उमटेल असा ठप्पा मारलेलं. अकराव्या वर्षी एका दुपारी पोस्टमननं दोन कार्डं एकदमच दिली. दोन्ही गावाकडची. खालच्याचा कोपरा फाटलेला होता.

वरचं कार्ड धड होतं. सर्जाबाईनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं: 'बाई, जेवण झालं नसन तं आधी जेवून घ्या. शेजारणीले बलवा. मंग दुसरं कार्ड वाचा.'

मास्तर गेले, हे मला तेव्हाच कळलं. तरी मी पान वाढून घेतलं. चार घास खाल्ले. शेजारच्या काकूंना हाक मारली, त्या येऊन जवळ बसल्या आणि मग मी दुसरं कार्ड उलटलं. खूप रडले.

मयतीचं कार्ड घरात ठेवत नाहीत, म्हणून ते वाचून फाडून टाकलं. सर्जाबाईचं अजून माझ्या पेटीत आहे.