सासूबाईंचा चहा आणि भोवरा

लाँचवाल्याला सगळा धक्का 'कोरडे' म्हणायचा. ते त्याचं आडनाव नव्हे, कमाई. त्याच्या लाँचमधून उतरलेल्या माणसाच्या कपड्यावर पाण्याचा थेंब शोधून सापडायचा नाही.

बायको बाळंत झाली आणि पलीकडच्या किनाऱ्यावरून सासूबाई तीन आठवड्यांच्या बोलीवर यायला निघाल्या. घर दोन खोल्यांचं. बायकोने बजावलं, आईला पाण्याची धास्ती आहे. येताना सुखाचं वाटलं तरच ती परत जायला लाँचमध्ये पाय ठेवील. कोरडे लगेच कामाला लागला.

त्याने लाँच घासूनपुसून लख्ख केली. वारा कुठला ते सांगणारं काठीवरचं फाटकं फडकं सासूबाईंसमोर बरं दिसेना, तेही उतरवलं. त्यांना गार वारा बाधू नये म्हणून केबिनच्या काचा लावल्या. वर त्यांच्या हातात काठोकाठ चहा दिला. "आई, घरापर्यंत थेंब सांडला तर मला जावई म्हणू नका."

वाटेत बेटाच्या टोकामागे मैलभर रुंदीचा भोवरा होता, जात्यासारखा संथ फिरणारा. त्याच्या डाव्या अंगाचं पाणी घराकडे धावायचं, उजव्या अंगाचं उलटं. वारा नेहमी पाठीमागचा. मग डावीकडे लाटा आणि पाणी एकाच वाटेने चालत. लाटा ऐसपैस पसरून सपाट होत. कोरडे डोळे मिटून डावीकडे वळायचा. आजही वळला, आणि ही सगळी खुबी सासूबाईंना रंगवून सांगू लागला.

वारा त्या दिवशी समोरचा होता. तोवर किरकोळ वाटणाऱ्या लाटा भोवऱ्याच्या धावत्या पाण्याला समोरासमोर भेटल्या, आखडल्या आणि भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. चहा सांडला नाही, उडाला. अर्धा छताला, अर्धा कोरडेच्या नव्या शर्टाला. सासूबाईंनी कप तेवढा सोडला नाही.

धक्क्यावर त्याने कबूल केलं, की फडकं असतं तर उजवीकडून नेलं असतं. सासूबाई कप घेऊन घरी गेल्या.

आता नातू रांगतो. कोरडेचं अंथरूण स्वयंपाकघरात, डब्यांच्या रांगेखाली. लाँचवर नवंकोरं फडकं आहे. रोज सकाळी ते बघून तो घरी येतो आणि विचारतो, "आई, आज वारा सरळ आहे, भोवऱ्याची बाजूही पक्की ठरलीय. बॅग आणू?"

सासूबाई तोच कप भरून त्याच्यापुढे ठेवतात.

"जावईबापू, चहा घ्या. इथे सांडत नाही."