वहिनीची घरची प्रत

माझी वहिनी दिवसा औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट असते आणि घरी आली की एका जुन्या गेममधल्या लोकांच्या पिशव्या आवरते. ही दुसरी गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितली की समजावत बसावं लागतं, आणि माझा स्वभाव काही शिकवणाऱ्याचा नाही. आता विषय निघालाच आहे तर एकदाच सांगते, नीट ऐका.

वीस वर्षांपूर्वीचा एक कॉम्प्युटर गेम आहे. त्यात आपण एक भटका लढवय्या व्हायचं, गावोगाव फिरायचं, लोकांची अडलेली कामं करायची, राक्षस मारायचे. गेम झकास आहे म्हणतात. पण त्याचा पडदा ज्याने मांडला त्याला कुणावर तरी सूड उगवायचा असावा. पिशवीतल्या वस्तूंची नावं मुंगीएवढी, तीही तपकिरी कागदावर राखाडी अक्षरांत. नकाशा उघडायचा तर चार ठिकाणी टिचक्या माराव्या लागतात. मग ज्यांचा या गेमवर जीव आहे ती माणसं आपणच मांडणी बदलतात आणि बाकीच्यांना वापरायला देतात. त्याला मॉड म्हणतात. मी कपडे अल्टर करते, त्यामुळे मला हे चटकन कळलं. कापड कंपनीचं, खिसे आपले.

वहिनी यात पडली ती दादामुळे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि समोरच्या बशीत तिळाएवढे स्क्रू. त्याच्या टेबलाला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. झाडायलासुद्धा नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच्या नजरेच्या मधोमध धूसर डाग आला. कडेचं दिसतं, समोरचं पुसल्यासारखं. दुकान बंद करावं लागलं. राहिला तो हा गेम. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघांनी मिळून आणला होता, एक खुर्ची आणि आळीपाळीने खेळणारे दोघं.

एके दिवशी दादा जखमी झालेल्या लढवय्याला औषध पाजायला गेला आणि विष पाजून बसला. गेममध्ये दोन्ही बाटल्या हिरव्याच, एक थोडी पोपटी, एवढाच फरक. वहिनीने ते बघितलं मात्र, तिच्यातला फार्मासिस्ट जागा झाला.

"दिसायला सारख्या बाटल्या शेजारी ठेवतात का कुठे? आमच्या दुकानात असं केलं तर कुणाचा तरी जीव जाईल," ती म्हणाली.

"अगं, इथेही जीवच गेलाय," दादा म्हणाला.

मग तिने गेमच्या फाइली उघडल्या. महिनाभर रोज संध्याकाळी आकडे बदलायचे, गेम चालू करून बघायचा, परत बदलायचे. पिशवी तिने औषधांच्या कपाटासारखी लावली. पोटात घ्यायचं वर, अंगाला लावायचं मधे, विष एकदम खाली लाल चौकटीत. अक्षरं टपोरी, काळ्यावर पिवळी. दादा मान डावीकडे वळवून कडेने बघतो, म्हणून सगळं एका बाजूला एकाखाली एक. त्याला ते जमलं तसं तिने ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिलं. मॉडवाल्यांनी तिचं नाव पाडलं कपाटवाली. आधी दोन-चार जणांनी नाकं मुरडली, पण आठवड्याभरात तेच लोक म्हणायला लागले की आता जुनी पिशवी बघवत नाही. कुणाचे डोळे अधू, कुणाचा हात कापतो, कुणाला नुसताच कंटाळा. सगळे तिचे गिऱ्हाईक.

या मंडळींचा एक दंडक आहे. मांडणीचं मॉड करणाऱ्याने फक्त दिसणं बदलायचं. खेळाला हात लावायचा नाही, म्हणजे राक्षस जेवढा दांडगा तेवढाच ठेवायचा. वहिनीने आपल्या मॉडच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "खेळाला हात लावलेला नाही."

आणि घरी लावला होता.

झालं असं की दादाला आता वाचता येत होतं, पण हात मंदावलेला. पुलावर एक राक्षस आहे, तो पुढे जाऊ देत नाही. त्याने दादाला आठवडाभर लोळवलं. दादा चिडून खुर्चीवरून उठायचा. एकदा म्हणाला, "जाऊ दे. माझं सगळंच गेलं." हे वाक्य वहिनीच्या काळजात रुतलं. तिने गुपचूप दादापुरती एक वेगळी प्रत केली आणि तिच्यात शत्रूचा मार निम्मा करून टाकला. मला सांगितलं आणि वर दम दिला, "वन्सं, तोंडातून ब्र काढायचा नाही." मी काढला नाही. म्हणजे पापात माझाही वाटा होताच.

दुसऱ्याच दिवशी दादाने राक्षस मारला. त्याची ती ऐट काय सांगू! मला तीनदा सांगितलं. न्हाव्याला सांगितलं, पोस्टमनला जिन्यात थांबवून सांगितलं. मान वळवायची कशी, वार चुकवायचा कसा, सगळं हातवारे करून. वहिनी आत भाजी चिरत होती. मी तिच्याकडे बघितलं तर तिने नजर चुकवली.

पुढच्या महिन्यात वहिनीने मॉडची सुधारलेली आवृत्ती लोकांसाठी ठेवली. तिच्याकडे दोन फोल्डर होते, एक सगळ्यांचा, एक घरचा. कामावर जायच्या घाईत तिने घरचा पाठवला. दुकानात चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय गोळी न देणारी बाई! आपल्या घरच्या कपाटात मात्र तिने बघितलं नाही.

दादाची सकाळची एक सवय होती. चहा घेताना तो वहिनीच्या पानावरचे अभिप्राय कॉम्प्युटरकडून मोठ्याने वाचून घ्यायचा. बायकोचं कौतुक ऐकायला त्याला आवडायचं, तिच्या तोंडावर कबूल करणार नाही ती गोष्ट वेगळी. त्या सकाळी मी त्याची पँट आखूड करून द्यायला गेले होते. वहिनी कामावर गेलेली. यंत्राने आपल्या सपाट आवाजात सुरुवात केली. "कपाटवाली, पुलावरच्या राक्षसाने दहा फटके मारले तरी मी जिवंत. हे काय?" मग दुसरा. "मीही." मग कुणीतरी फाइली ताडून बघितलेल्या. "शत्रूचा मार निम्मा केला आहे. खेळाला हात लावलेला नाही असं लिहिलंत, ते खोटं का?"

दादाने कप खाली ठेवला.

"निम्मा?" त्याने मला विचारलं. "माझ्यातही?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, चांगलं येतं. पण त्या वेळी आलं नाही.

वहिनी जेवायला घरी आली तेव्हा दादा खुर्ची दाराकडे वळवूनच बसला होता. तिने त्याचा चेहरा बघितला आणि चपला न काढता उभी राहिली.

"तीस वर्षांत माझ्या टेबलावरचं घड्याळ कधी दुसऱ्याने उघडलंय?" दादाने विचारलं. "तू उघडलंस. माझ्या पाठीमागे दुरुस्त केलंस आणि परत माझ्या पुढ्यात ठेवलंस. आणि मी गावभर सांगत सुटलो की मी केलं."

"अहो, तुम्ही रोज असे उठत होता खुर्चीवरून. मला बघवेना."

"मग नाही बघायचं! चिडू दे ना मला. चिडायचं तरी माझं राहू दे."

वहिनी रडली. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचंही वाईट वाटलं. ताटं मीच वाढली. कुणी धड जेवलं नाही.

संध्याकाळी तिने पानावर लिहिलं, एक शब्द न लपवता. चुकून घरची प्रत गेली. ती नवऱ्यासाठी केली होती, त्यांना न सांगता. दोन्ही चुका माझ्या. खरी आवृत्ती आता ठेवली आहे. लोकांनी बोलून घेतलं आणि मग सोडून दिलं. एकाने लिहिलं, "माझ्या बायकोला हे दाखवू नका, तिला कल्पना सुचेल."

दादाने मात्र आठ दिवस गेमला शिवलं नाही. खिडकीत बसायचा. वहिनी घरात पावलं न वाजवता चालायची. ती दुकानातल्या बायकांसारखी विनम्र बोलायला लागली, ते तर मला अगदी सहन होईना. नवव्या दिवशी मी तिथेच होते, आणि तोंड उघडणारच होते, तेवढ्यात दादा म्हणाला, "सगळ्यांची प्रत लाव. पहिल्यापासून खेळतो."

"मधून सुरू केलं तरी चालेल, पूल..."

"पहिल्यापासून."

तीन आठवडे लागले त्याला पुलापर्यंत यायला. रविवारची सकाळ होती. आतल्या खोलीत दादा, बाहेर आम्ही दोघी. लढवय्या मेला की गेममध्ये एक रडकी धून वाजते. ती वाजली. वहिनीने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि परत उचललं. धून पुन्हा वाजली. पाचव्यांदा वाजली तेव्हा ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून येऊन बसली. तिला तो राक्षस दोन मिनिटांत मारता आला असता, फाइलीत तर एक आकडा बदलून. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "वन्सं, याच्यापेक्षा दुकानात दिवसभर उभं राहणं सोपं."

अकराव्या धुनेनंतर आतून हाक आली. "अगं, इकडे ये जरा."

ती गेली, मागोमाग मी. मला वाटलं, आता हा म्हणणार, गेलं सगळं. दादा पडद्याकडे मान वळवून बसला होता, कपाळावर घाम.

"तो वार करायच्या आधी त्याच्या अंगावर लाल रंग येतो म्हणतेस ना? तो मला दिसत नाही. त्याला पांढरी कड देता येईल?"

"त्याने दिसणंच बदलेल. खेळ नाही," वहिनी सावधपणे म्हणाली.

"तेवढंच हवंय. लढाईचं माझं मी बघतो."

तिने दहा मिनिटांत कड लावली आणि बाहेर आली. बाराव्यांदा धून वाजली. आतून दादाचं हसू ऐकू आलं, मोठ्याने, पोट धरून हसतो तसं. "आता दिसलं मला, गाढवा! उजवीकडून मारतोस होय!" वहिनीने डोळे पुसले आणि चहा टाकला. एवढं समाधान मी तिच्या चेहऱ्यावर घरच्या प्रतीत राक्षस मेला त्या दिवशीही बघितलं नव्हतं.

त्याच दुपारी तिने पांढरी कड सगळ्यांसाठी ठेवायचं ठरवलं. पाठवायच्या आधी फोल्डरचं नाव तिने तीनदा वाचलं, मलाही वाचायला लावलं. मग खाली टीप लिहिली आणि यंत्राकडून दादाला वाचून दाखवली. "ही कड माझ्या नवऱ्याने सुचवली. पुलावरचा राक्षस आमच्या घरी अजून जिवंत आहे."

दादाने ऐकलं, मान हलवली.

"'आमच्या घरी' काढ," तो म्हणाला. "राक्षस माझा आहे."